एक्स्ट्राचा रकाना

वेसाकची, म्हणजे बुद्धपौर्णिमेची, सुट्टी होती आणि दुपारी दोनच्या आत बारावं नाव पाठवायचं होतं.

अकरा नावं आधीच गेली होती. सारंगच्या सिंगापूरच्या ऑफिसची सॉफ्टबॉलची टीम हाँगकाँगला चालली होती, कंपनीच्या आशियातल्या सगळ्या शाखांच्या स्पर्धेला. तिकिटं बारा. शेवटच्या जागेसाठी दोन नावं उरली होती. एक सारंग, म्हणजे माझा नवरा. दुसरं प्रेमलाताईंचं. त्या टेस्टिंगमध्ये होत्या, अमरावतीच्या, वय बेचाळीस, आणि मैदानावर उतरताना साडीच्या पिनांनी टोपी केसांना घट्ट बसवायच्या.

खरं तर प्रश्नच नव्हता. सीझनभराचा स्कोअर मी ठेवला होता आणि कप्तान निशिकांतदादांच्या सांगण्यावरून आदल्या आठवड्यात सगळ्यांचे आकडे काढून कागद फ्रिजवर लावला होता. किती वेळा बॅटिंगला आला, किती वेळा फटका मारून बेसवर पोहोचला. सारंग शंभरात बत्तीस. प्रेमलाताई शंभरात बारा. त्या कागदासमोरून जाताना सारंग उगाचच फ्रिज उघडायचा.

पण ऑफिसच्या अमेरिकन साहेबांनी मेलमध्ये एक ओळ लिहून ठेवली होती. नाव तुम्हीच ठरवा, पण प्रेमलाचा नीट विचार करा.

"साहेबाला काय दिसतं तिच्यात, कळत नाही," निशिकांतदादा आल्या आल्या म्हणाले. ते दादरचे, पंचेचाळिशीचे, शिवाजी पार्कात खेळलेले. सिंगापूरला येऊन बारा वर्षं झाली तरी चपला काढताना आधी आत डोकावून "आहात का?" विचारायचे. त्यांच्यामागून प्रफुल्ल आला, बुकित पंजांगहून दोन गाड्या बदलून, हातात पराठ्यांची पिशवी. हा टीममधला सगळ्यात धाकटा, बिनलग्नाचा आणि बेसबॉलचं वेड लागलेला. अमेरिकेतली रात्रीची मॅच आमच्याकडे सकाळी लागते, आणि केबलवर तो चॅनल आमच्याच घरी होता, म्हणून सुट्टीची सभा टॅम्पिनीसला आमच्या हॉलमध्ये भरायची.

"ताई?" मी विचारलं.

"विहारात. आज त्यांचा मोठा दिवस ना," प्रफुल्ल म्हणाला. "दुपारी येते म्हणाल्यात. खीर आणणारेत."

"त्या यायच्या आत उरकून टाकू," निशिकांतदादा म्हणाले. "तोंडावर नाही म्हणायला बरं नाही वाटत."

सात महिन्यांच्या राणीला मांडीवर घेऊन सारंग टीव्हीकडे बघत होता, पण त्याचा गुडघा सारखा हलत होता आणि राणीला वाटत होतं बाबा खेळवतोय, म्हणून ती खिदळत होती.

त्याला ती जागा किती हवी होती ते मला माहीत होतं. जानेवारीपासून त्याला सपोर्टला टाकलं होतं. रात्रभर चांगीच्या ऑफिसात, सकाळी घरी, पडदे ओढून झोप. चार-चार दिवस आमचं बोलणं म्हणजे दूध संपलंय, डायपर आणलेत, एवढंच. हसायचा तो फक्त शनिवारी, कलांगच्या मैदानावर, बॉल बॅटच्या मधोमध लागला की. ते हसू बघायला मी राणीला छातीशी बांधून, कडेच्या झाडाखाली वही घेऊन बसायचे. हाँगकाँगची जागा म्हणजे त्या हसण्याची चार दिवसांची सोय होती.

टीव्हीवर एक धिप्पाड गडी बॅट घेऊन उभा राहिला. पडद्यावर त्याचे आकडे आले.

"हा बघा दादा," प्रफुल्ल पुढे सरकला. "फटक्यांची सरासरी बघाल तर शंभरात चोवीस. आपल्या सारंगपेक्षा कमी. तरी तिसऱ्या नंबरवर खेळवतात. का?"

"मामा असेल मॅनेजर."

"हा आउट होत नाही म्हणून! पुढचा आकडा बघा. ओबीपी. शंभरात चाळीस. किती वेळा बेसवर पोहोचला. कसाही. फटका मारून, नाहीतर वॉक मिळून."

वॉक म्हणजे बोलरनं चार बॉल बाहेर टाकले की बॅट्समनला पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा, मिळतो. तो चालत जातो आणि उभा राहतो. त्याच्यानंतर येणाऱ्यांनी फटके मारले की तिथून तो एकेक बेस करत परत घरी, म्हणजे सुरुवातीच्या जागी, येतो, आणि तेव्हा टीमची एक धाव होते.

"अरे, चालत गेला त्यात याचं काय?" निशिकांतदादा उसळले. "चूक बोलरची. वाइडवर धाव मिळाली म्हणून बॅट्समनचा सत्कार करतात का कुठे? बॅट्समन बॅट फिरवायला असतो. नुसता उभा राहायला खांबपण राहतो."

"पण खांब आउट होत नाही."

"प्रफुल्ल, तुला कोणी बेसबॉल शिकवला रे? इंटरनेटनं?"

"दादा, मॅचमध्ये आपल्याला मिळतं काय? आउट. त्यांना सत्तावीस, आपल्याला एकवीस. जो ते वाया घालवत नाही तो मोलाचा. सोपं आहे."

"मग टीम घेऊन जा खांबांची. आणि प्रेमलाताईंना कप्तान कर. त्यांचं तेच तर. स्टेशनच्या गेटवर ईझी-लिंक कार्ड टॅप केल्यासारख्या जातात पहिल्या बेसवर. टुक!"

सारंग हसला. मीही हसले. 'ताईंचं ईझी-लिंक' हा टीममधला जुना विनोद होता.

प्रफुल्ल हसला नाही. "चला, आपल्या टीमचा ओबीपी काढू. आत्ता. वहिनी, कुणाला किती वॉक मिळाले?"

मी वही उघडली. आणि पानावर बोट ठेवून तशीच थांबले.

स्कोअर ठेवायला मला माझ्या वडिलांनी शिकवलं. पुण्यात ते आमच्या क्रिकेट क्लबचे स्कोअरर होते. रविवारी मी त्यांच्या शेजारी बसून पेन्सिलींना टोकं काढायचे. वाइडची धाव कुणाच्या नावावर, बाबा? कुणाच्याच नाही. ती एक्स्ट्रात. बॅट्समननं कमावलं तेवढंच बॅट्समनचं. सॉफ्टबॉलची वही हातात आली तेव्हा मी काही विचार न करता तसेच रकाने आखले. खाली शेवटी एक रकाना: एक्स्ट्रा. बारा मॅचचे सगळे वॉक तिथे होते, एकगठ्ठा, बिननावाचे. आणि वर, ज्यांना ते मिळाले त्यांच्या नावापुढे, नुसता एक डाव मोजलेला. आला, फटका नाही. म्हणजे आउट झालेल्यात आणि चालत बेसवर गेलेल्यात माझ्या वहीत काही फरकच नव्हता.

"वहिनी?"

"तसं वेगळं काढलेलं नाहीये," मी म्हणाले. "बघावं लागेल."

तेवढ्यात राणी रडायला लागली. एरवी मी म्हटलं असतं, आत्ताच तर प्यायलीस गं. त्या क्षणी मात्र मी तिला उचललं, वही काखेत मारली आणि आत गेले.

बेडरूमचं दार लोटलं. राणीला पाजायला घेतलं आणि वही उशीवर उघडी ठेवली. वेगळं काढलं नव्हतं हे खरं होतं. पण माझी एक सवय होती. प्रत्येकाच्या चौकोनात मी एकेका बॉलची बारीक खूण करायचे, बाहेरचा बॉल असेल तर फुली. चार फुल्या म्हणजे वॉक. मोजलं तर सगळं निघणार होतं.

राणीच्या टाळूवर बोट फिरवत मी मोजायला लागले. पहिल्या मॅचला प्रेमलाताईंच्या चौकोनात चार फुल्या. पुन्हा चार. दुसऱ्या मॅचला एकदा. तिसऱ्या मॅचला तीनदा. त्या मॅचची मला आठवण होती, समोरचा बोलर वैतागून हातमोजा आपटत होता आणि आमची पोरं टाळ्या वाजवून 'टुक, टुक' ओरडत होती. नवव्या मॅचपर्यंत बोट मोजण्यापुढे धावत होतं. सगळं संपल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं, कारण आकडा कमी यावा असं मला वाटत होतं.

सतरा.

ताई बेचाळीस वेळा बॅटिंगला आल्या होत्या. पाच फटके, सतरा वॉक. बावीस वेळा बेसवर. शंभरात बावन्न. सारंग चाळीस वेळा आला होता. तेरा फटके, दोन वॉक. शंभरात सदतीस, फार तर अडतीस म्हणा. बाकीच्यांचेही मोजले, ताईंच्या जवळपास कुणी नव्हतं.

राणी पिता पिता थांबली आणि माझ्याकडे टक लावून बघायला लागली. लहान मुलं बघतात तशी, काही न मागता. मी तिच्यावरून नजर काढली.

दार उघडलं. सारंग. त्यानं दार मागे लावून घेतलं आणि पलंगाच्या कडेला बसला. राणीचा पाय हातात धरला.

"झोपतेय का?"

"नाही."

"दादा म्हणतायत साडेबारा वाजले. मेल टाकून मोकळं व्हायचं." तो वहीकडे बघत नव्हता. "नसेलच ना लिहिलेलं? वॉक कुणाचे ते?"

माझ्या तोंडाशी 'नाही' आलं होतं. खोटंही नव्हतं ते पुरतं. वेगळं लिहिलेलं नव्हतंच. वही मिटली असती तर त्या फुल्या जगात दुसऱ्या कुणालाही वाचता आल्या नसत्या.

"आहे," मी म्हणाले.

"किती?"

"ताईंचे सतरा."

"आणि माझे?"

"दोन."

बाहेर टीव्हीवर कुणीतरी काहीतरी मारलं होतं, गर्दी ओरडत होती. सारंग राणीच्या पायाची बोटं एकेक करून दाबत होता.

"बाहेर काय सांगणार आहेस?" त्यानं विचारलं.

"तू सांग ना. काय सांगू?"

"मी का? वही तुझी आहे." तो उठला. दाराशी थांबला. "जान्हवी, साहेब काहीही म्हणू दे, मी तेरा फटके मारलेत. पळत गेलोय मी. चालत नाही."

आणि तो गेला. मी राणीला खांद्यावर घेऊन तिच्या पाठीवर थोपटत राहिले. तिला ढेकर येईपर्यंत बाहेर जायचं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. तिला ढेकर आली. मग म्हटलं, अजून एक.

तेवढ्यात बाहेरची जाळी खडखडली आणि प्रेमलाताईंचा आवाज आला. "काय करून राहिले रे पोट्टेहो? दार उघडा, हात भाजून राहिला माझा!"

मी हॉलमध्ये आले तेव्हा त्या पांढऱ्या साडीत, पदर खोचून, खिरीचं पातेलं टेबलावर ठेवत होत्या. सगळे एकदम गप्प झाले होते. त्यांना ते कळलं. त्यांनी टीव्हीकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"मेलं का कोणी?"

"नाही, नाही, बसा ना ताई," निशिकांतदादा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. आवाज खाली, डोळे घड्याळावर. "वहिनी, राहू दे ते आता. नाही ना नोंद? मग झालं. फटक्यांवर ठरवू, ठरल्याप्रमाणे."

सारंग खिडकीशी उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं असतं तर मला काय झालं असतं ठाऊक नाही. त्यानं बघितलं नाही.

"नोंद आहे दादा," मी म्हणाले. "फ्रिजवरचा कागद चुकीचा आहे. चूक माझी आहे. मी वॉक एक्स्ट्रात टाकले, क्रिकेटसारखे. ते ज्याचे त्याच्या नावावर धरले तर ताई शंभरात बावन्न. टीममध्ये पहिल्या. आणि सारंग सदतीस."

प्रफुल्लनं रिमोट शोधून आवाज बंद केला.

"बावन्न?" मग तो म्हणाला. "बावन्न! दादा, अमेरिकेतसुद्धा..."

"तू गप रे." निशिकांतदादा लाल झाले होते. "वहिनी, आकडा मोठा आला म्हणून मोल वाढत नाही. मी अजून तेच म्हणतो. ती बोलरची चूक. चुकीचं श्रेय बॅट्समनला कसं द्यायचं?"

"बोलर तेच होते ना दादा," मी म्हणाले. "बाराही मॅचना. सारंगला त्यांनी दोन वॉक दिले, तुम्हाला तीन. ताईंना सतरा. बोलर फक्त ताईंच्याच वेळी चुकतात का?"

निशिकांतदादांनी लॅपटॉप पुढ्यात ओढला.

"वही दे," सारंग म्हणाला.

तो खिडकीकडून आला आणि हात पुढे केला. मी वही दिली. तो जमिनीवर बसला, पाठ सोफ्याला, आणि पहिल्या पानापासून वाचायला लागला. आम्ही सगळे उभे. त्याला माझ्या खुणा येत नव्हत्या, दर थोड्या वेळानं तो बोट ठेवायचा आणि वर न बघता विचारायचा, "हे काय?" मी सांगायचे. फुली बाहेरचा बॉल. तिरकी रेघ म्हणजे फटका. चौकोन भरला की धाव पुरी. इतके दिवस माझ्याशी धड न बोललेला माणूस आता बोलत होता. तो चूक शोधत होता. ती सापडावी, असं मलाही वाटत होतं.

एक वाजून गेला. निशिकांतदादा लॅपटॉप उघडून बसले होते, मेल लिहून तयार, फक्त नाव रिकामं.

सातव्या मॅचच्या पानावर सारंग थांबला. मग मागची पानं उलटली, परत पुढे आला.

"माझ्या फटक्यांवर टीमला चौदा धावा मिळाल्यात," तो म्हणाला. "असं तूच लिहिलंयस."

"हो."

"त्या धावा पुऱ्या कोणी केल्या? म्हणजे मी मारलं तेव्हा बेसवर कोण होतं? ते निघेल यातून?"

मी त्याच्याशेजारी खाली बसले. राणी माझ्या मांडीवर, वही त्याच्या. हे मी मोजलं नव्हतं. ताई त्याच्या आधी बॅटिंगला यायच्या, एवढं माहीत होतं, पण कधी जोडून बघितलं नव्हतं. आम्ही पान पान करत गेलो. मी बोट ठेवायचे, तो मोजायचा. पहिल्या मॅचला ताई. तिसरीला ताई, पुन्हा ताई. पाचवीला प्रफुल्ल. सातवीला ताई.

"नऊ," तो म्हणाला. "चौदापैकी नऊ."

त्यानं वही मिटली. चेहऱ्यावर काय होतं ते मला बाजूनं दिसत नव्हतं. कानाच्या पाळ्या फक्त लाल झाल्या होत्या, त्याच्या आणि राणीच्या अगदी एकसारख्या होतात तशा.

"दादा, ताईंचं नाव टाका."

"अरे, नीट विचार कर. घाई नाही, अजून अर्धा तास..."

"मी मारत होतो ते खरं. पण पुढे कोणी उभंच नसतं तर ते मारणं कुठे जाणार होतं? टाका नाव."

"एक मिनिट," प्रेमलाताई म्हणाल्या.

त्या इतका वेळ डायनिंगच्या खुर्चीत ताठ बसून होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. आता त्यांच्या लक्षात सगळं आलं होतं. सभा कशाची होती, त्या यायच्या आत काय उरकायचं होतं, सगळं.

"माझ्याबद्दल सकाळपासून बोलून राहिले तुम्ही. मले विचारलं का कोणी, मले यायचं हाय का म्हणून?"

निशिकांतदादांचा हात कळफलकावर तसाच राहिला. सारंगनं वर बघितलं. माझ्या मनात लख्खकन काहीतरी चमकून गेलं, आणि त्याची मला लगेच लाज वाटली. त्यांनी नाही म्हणावं, असं वाटलं होतं मला.

"यायचं आहे," त्या म्हणाल्या. "खूप यायचं आहे. शाळेत खेळलेली आहे मी, जिल्ह्याकडून. आमचे सर म्हणत, पोरी, मारता सगळ्यांना येतं. बॉल नाकासमोरून जाऊन राहिला आणि बॅट हलवायची नाही, आणि मागून आपलेच लोक हसून राहिले, तरी हलवायची नाही. त्याला छाती लागते." त्या निशिकांतदादांकडे बघत होत्या. "टुक, टुक म्हणता ना तुम्ही? ऐकू येते मले."

"ताई, ते आपलं गमतीनं..."

"तेच तर सांगून राहिले. गमतीनं."

निशिकांतदादांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला. मग एका बोटानं एकेक अक्षर दाबत नाव टाकलं. पाठवताना त्यांनी सारंगकडे पुन्हा एकदा बघितलं. सारंगनं मान हलवली. एक पन्नासला मेल गेला.

खीर सगळ्यांनी खाल्ली. प्रफुल्लनं दोनदा घेतली आणि एकट्यानंच गप्पा मारल्या. निघताना प्रेमलाताईंनी राणीच्या गालाला हात लावला आणि तो क्षणभर माझ्या खांद्यावर ठेवला. लिफ्टपाशी सारंग त्यांना सोडायला गेला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. परत आला तेव्हा मी वाट्या धुवत होते.

तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"आत मी विचारलं तेव्हा तू मला म्हणालीस, तूच सांग काय सांगू. का?"

"तू म्हणावंस म्हणून. खरं सांग, असं."

"आणि मी म्हणालो असतो, नको सांगूस?"

नळ चालू होता. मी तो बंद केला. बंद केल्यावर घर इतकं शांत झालं की खालच्या रस्त्यावरची बस थांबलेली ऐकू आली.

"तरी सांगितलं असतं," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं ते खरं होतं का, मला अजून सांगता येणार नाही. राणीला ढेकर यायची वाट बघत मी आत किती वेळ बसले होते ते मला माहीत होतं, आणि त्याला माहीत नव्हतं.

"मला राग आलाय," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"जाईल. आज नाही जाणार."

"बरं."

त्यानं ओट्यावरचं फडकं घेतलं आणि मी धुतलेल्या वाट्या एकेक करून पुसायला लागला. माझ्याकडे न बघता. सगळ्या पुसून होईपर्यंत.